‘फ्लॉ’ : दोष कीं तडा ?

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचें पत्र आलें. वीस-बावीस वर्षांपूर्वीं ती आमच्या बी. ए.च्या वर्गांत होती. आज तिचा मुलगा कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकत आहे. मुलाच्या उपयोगासाठीं तिनें माळ्यावरची आपली जुनी वही काढली. त्या वहींत आम्हीं सांगितलेल्या टिपा होत्या. शेक्सपिअरच्या चार थोर शोकांतिका, आणि प्रत्येकीच्या नायकापुढें एकेक शब्द : हॅम्लेट – अनिश्चय, ऑथेल्लो – मत्सर, मॅक्बेथ – महत्त्वाकांक्षा, लिअर – अहंकार. वर ठळक अक्षरांत ‘ट्रॅजिक फ्लॉ’ असा मथळा. या टिपांच्या बळावर आपण परीक्षेंत चांगले गुण मिळविले, असें तिनें कृतज्ञतेनें लिहिलें आहे.

परंतु पत्र लिहिण्याचें कारण कृतज्ञता हें नव्हे. तिचे वडील गेल्या वर्षीं वारले. एका मित्राला जामीन राहून त्यांनीं राहतें घर गमावलें होतें, आणि उरलेलें आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत काढलें होतें. तेराव्या दिवशीं जमलेल्या आप्तेष्टांत त्यांच्याविषयीं बोलणें निघालें, तेव्हां ‘भोळेपणा हाच त्यांचा फ्लॉ’ असें वाक्य उच्चारलें गेलें. सर्वांनीं माना डोलावल्या आणि एका माणसाच्या सत्तर वर्षांचा निकाल लागला. तें वाक्य दुसऱ्या कोणाचें नव्हतें. आपण स्वतःच तें बोललों, असें ती लिहिते. आणि शेवटीं विचारते : सर, माणसाकडे असेंच पाहावयास आपण आम्हांला शिकविलें होतें काय ?

या प्रश्नाला चार ओळींत उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं. आमच्याप्रमाणेंच कित्येक अध्यापकांनीं अशा टिपा सांगितल्या असतील, आणि कित्येक घरांच्या माळ्यांवर अशा वह्या पडल्या असतील. म्हणून हें उत्तर जाहीरपणें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आधीं शब्दाकडे पाहूं. अपूर्णता दाखविणारा इंग्रजींत एक शब्द नाहीं, एक कुटुंबच आहे. खुद्द ‘इम्पर्फेक्ट’ या शब्दांत निंदेचा लेशही नाहीं. ‘पर्फेक्ट’ म्हणजे पुरें केलेलें, आणि ‘इम्पर्फेक्ट’ म्हणजे जें पुरें झालें नाहीं तें. व्याकरणांत आपण ज्याला अपूर्ण काळ म्हणतों, त्यासाठीं इंग्रजींत हाच शब्द आहे, आणि अपूर्ण काळाला कोणी नांवें ठेवीत नाहीं. ‘डिफेक्ट’ हा कमी पडणें अशा अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. जें असावयास पाहिजे तें नसणें, म्हणजे आपलें न्यून किंवा उणीव. ‘ब्लेमिश’ जुन्या फ्रेंच भाषेंतून आला; तेथें त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ फिकें पाडणें, इजा करणें असा होता. आज तो पृष्ठभागावरचा डाग दाखवितो. ‘फॉल्ट’च्या मुळाशीं फसविणें, चुकणें अशा अर्थाचा लॅटिन धातु आहे. मध्ययुगीन इंग्रजींत या शब्दांत ‘ल’ नव्हता. लॅटिन कुळाची आठवण म्हणून पंडितांनीं तो मागाहून घातला. या शब्दाबरोबर चूक येते, आणि चुकीबरोबर जबाबदारीही येते.

हा भेद समजावयास घरांतला एक चिनी मातीचा कप पुरे आहे. कपाला कानच बसविलेला नसेल तर तो डिफेक्ट. चहाचा डाग बसून गेला असेल तर तो ब्लेमिश. कप कोणाच्या हातून पडला, हा प्रश्न फॉल्टचा. आणि कप दिसावयास अखंड आहे, पण टिचकी मारली तर बद्द वाजतो, म्हणजे आंत कोठें तरी बारीक चीर गेली आहे, ती फ्लॉ. उणीव, डाग, दोष आणि तडा हे चार शब्द आपल्याही घरांत आहेत, आणि त्यांची गल्लत आपल्या गृहिणी करीत नाहींत. ती गल्लत आम्हीं वर्गांत केली.

‘फ्लॉ’चा इतिहास मोठा मनोरंजक आहे. जुन्या इंग्रजी लेखनांत तो हिमाचा कण, विस्तवाची ठिणगी अशा अर्थानें सांपडतो, आणि दगडाची लादी किंवा थर दाखविणाऱ्या प्राचीन नॉर्स शब्दाशीं त्याचें नातें असावें असें कोशकार मानतात. म्हणजे मुळांत ही कपची, सुटून आलेला तुकडा. पुढें तुकडा जेथून सुटतो त्या चिरेलाही तेंच नांव मिळालें. वाऱ्याचा अचानक आलेला झोत अशा अर्थाचा, याच रूपाचा, पण वेगळ्या कुळांतला आणखी एक शब्द इंग्रजींत आहे.

शेक्सपिअरनें हे सारे अर्थ वापरले आहेत. ‘किंग लिअर’च्या दुसऱ्या अंकांत म्हातारा राजा आपलें हृदय फुटण्याची भाषा करतो, तेथें ‘फ्लॉज’ म्हणजे तुकडे. त्याच नाटकाच्या पांचव्या अंकांत एडगर आपल्या पित्याच्या, ग्लॉस्टरच्या, मृत्यूचें वर्णन करतो. तेथें त्या वृद्धाच्या हृदयाला हेंच विशेषण लाविलें आहे, आणि अर्थ आहे तडा गेलेलें. ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्यें तो ‘क्रॅक’च्या जोडीला बसला आहे. ‘हॅम्लेट’च्या पांचव्या अंकांत तो हिवाळ्याचा झोंबरा वारा आहे, आणि ‘मॅक्बेथ’च्या मेजवानीच्या प्रवेशांत मनांत उठणाऱ्या भीतीचे झटके आहे. आचरणांतला घसरणेपणा असा अर्थही त्या काळीं रूढ होऊं लागला होता. ‘मेझर फॉर मेझर’मधील एका ओळींत तो तसा आला आहे, मात्र तेथें मूळ पाठ ‘फ्लॉज’ नसून ‘फ्लेम्स’, म्हणजे ज्वाळा, असावा असें मानून कित्येक संपादकांनीं तो बदलला. सारांश, नैतिक अर्थ या शब्दाला परका नाहीं. पण तो अनेकांपैकीं एक आहे, आणि ज्या लिअरपुढें आम्हीं ‘फ्लॉ – अहंकार’ असें लिहविलें, त्याच्या तोंडीं हा शब्द येतो तो दुःखानें होणाऱ्या तुकड्यांसाठीं.

मग शोकांतिकेच्या नायकाला हा शब्द चिकटला कसा ? त्यासाठीं ग्रीसकडे वळलें पाहिजे. ॲरिस्टॉटलनें ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणांत उत्तम शोकांतिकेचा नायक कसा असावा याची चर्चा केली आहे. तो सद्गुणांचा पुतळा नसावा, कारण निर्दोष माणसाचा नाश पाहून केवळ उद्वेग येतो. तो दुष्टही नसावा, कारण दुष्टाच्या नाशानें करुणा उत्पन्न होत नाहीं. तो या दोहोंच्या मधला असावा, आणि त्याचा अधःपात दुर्गुणानें नव्हे तर कसल्या तरी ‘हमार्तिया’मुळें व्हावा. हा शब्द ज्या क्रियापदापासून झाला त्याचा अर्थ नेम चुकणें. होमरच्या काव्यांत योद्ध्यानें फेकलेला भाला शत्रूला न लागतां बाजूनें जातो, तेथें हेंच क्रियापद येतें. दुर्गुणानें नव्हे, असें ॲरिस्टॉटलनें त्याच वाक्यांत स्पष्ट बजाविलें आहे, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

परंतु शब्द एका जागीं राहत नाहींत. ख्रिस्ती लोकांच्या नव्या कराराच्या ग्रीक भाषेंत हाच ‘हमार्तिया’ शब्द पाप या अर्थानें रुळला. शतकानुशतकें तो ग्रंथ वाचलेल्या युरोपीय मनाला या शब्दांत पापाची छटा दिसावी हें स्वाभाविक होतें. बुचरनें १८९५ साली आपल्या भाषांतरांत त्यासाठीं चूक किंवा दुर्बलता अशा अर्थाची जोडी योजिली. बायवॉटरनें १९०९ साली निर्णयांतील चूक असा अर्थ घेतला. दोघांच्याही भाषांतरांत ‘फ्लॉ’ नाहीं. तरीही विसाव्या शतकांत वर्गांतून आणि परीक्षेच्या पुस्तकांतून ‘ट्रॅजिक फ्लॉ’ हाच प्रयोग रूढ झाला, आणि आमच्याकडे येतांना त्याचा ‘दोष’ झाला. नेम चुकणें, मग दुर्बलता, मग तडा आणि शेवटीं दोष अशा चार पायऱ्या उतरून आम्ही ॲरिस्टॉटलनें जें नाकारलें होतें नेमक्या तेथें येऊन पोंचलों.

या उतरणीचा सर्व भार ब्रॅडलेवर टाकण्याची एक चाल आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शेक्सपिरिअन ट्रॅजेडी’ या ग्रंथांत नायकांच्या अंगच्या वैगुण्यांचा उल्लेख आहे खरा. परंतु नायकाचा घात करणारा जो गुणविशेष तोच त्याच्या थोरवीचाही भाग असतो, हें त्या ग्रंथाचें खरें प्रतिपादन आहे. आम्हीं त्या प्रतिपादनाचें पहिलें अर्ध घेतलें आणि दुसरें गाळलें, कारण पहिलें अर्ध एका शब्दांत सांगतां येतें आणि दुसऱ्याला पानभर जागा लागते.

असें करण्यांत आम्ही एकटे नव्हतों. ऑक्सफर्डचे ग्रीकचे अध्यापक ई. आर. डॉड्स यांनीं १९६६ साली ‘ईडिपस रेक्स’च्या विपरीत अर्थांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आरंभच परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिकांपासून होतो. ईडिपस शीघ्रकोपी होता, म्हणून त्याला योग्य तें फळ मिळालें, अशा धर्तीचीं उत्तरें वाचून त्या विद्वानाला खेद झाला. नाटक सुरू होण्यापूर्वींच पितृवध आणि मातृविवाह घडून गेले आहेत, तेही अजाणतां. दैववाणीनें तेथें कोणती अट घातलेली नव्हती. आम्ही याला इतकेंच जोडूं कीं रंगभूमीवर आपल्यापुढें ईडिपसचा नाश ज्या गोष्टीनें उघडकीस येतो, ती म्हणजे सत्य शोधून काढण्याचा त्याचा हट्ट. आणि हा हट्ट तो धरतो, तो महामारीनें गांजलेल्या प्रजेसाठीं. यांत दोष कोणता दाखवावयाचा ? चांगला राजा असणें हाच दोष, असें म्हणण्याची पाळी येते.

आतां ज्या भाषणाच्या आधारावर दोषवाद्यांची इमारत उभी आहे त्याकडे वळूं. ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशांत राजपुत्र बुरुजावर उभा आहे, आणि आंत राजाची मद्यपानाची मेजवानी चालली आहे. या व्यसनामुळें इतर राष्ट्रें आम्हां डेन लोकांना दारूबाज म्हणतात आणि आमच्या साऱ्या पराक्रमाला बट्टा लागतो, असें तो सांगतो. आणि त्यावरून व्यक्तींकडे वळतो. एखाद्याच्या अंगीं जन्मतः एखादें लांच्छन असतें, त्यांत त्याचा अपराध नसतो. पण त्याचे बाकीचे गुण कितीही निर्मळ असले तरी त्या एका वैगुण्यावरून लोकमत त्या सर्वांना नासकें ठरवितें. हें भाषण १६०४-०५च्या दुसऱ्या क्वार्टो प्रतींत आहे, १६२३च्या फोलिओंत नाहीं. लॉरेन्स ऑलिव्हिएनें १९४८ साली काढलेल्या बोलपटाचा आरंभ याच भाषणाच्या ओळींनीं होतो, आणि त्यांना जोडूनच, ही मनाचा निश्चय न करतां आलेल्या माणसाची शोकांतिका आहे, असा निकाल प्रेक्षकांना ऐकविला जातो.

आम्हींही हें भाषण वर्षानुवर्षें असेंच शिकविलें : पाहा, नायकानें स्वतःच आपल्या दोषाची कबुली दिली ! पण पत्र आल्यावर तें पुन्हां शांतपणें वाचलें, आणि आमची आम्हांलाच लाज वाटली. त्या भाषणांत लांच्छन, डिफेक्ट, फॉल्ट हे शब्द आहेत, फ्लॉ हा शब्द नाहीं; पण तो मुद्दा गौण. मुख्य गोष्ट अशी कीं हॅम्लेटची तक्रार वैगुण्याविषयीं जितकी आहे तितकीच पाहणाऱ्यांविषयीं आहे. एका डागावरून साऱ्या माणसाचा निवाडा करणारी जी जगाची दृष्टि, तिचें तो वर्णन करीत आहे. म्हणजे आम्हीं त्याच्या नांवापुढें ‘अनिश्चय’ असें लिहून रेघ ओढली, तेव्हां तो ज्या अन्यायाविषयीं बोलत होता तोच आम्हीं त्याच्यावर केला.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. माणसाच्या स्वभावाचा त्याच्या नाशाशीं कांहींच संबंध नाहीं, असें म्हणावयाचें काय ? मॅक्बेथनें झोंपलेल्या पाहुण्याचा खून केला. तो नेम चुकून केला नाहीं. आपण करतों तें घोर पातक आहे हें त्याला पुरतें ठाऊक होतें. त्याला प्रमादाचें पांघरूण घालणें हा ढोंगीपणा होईल. हें आम्ही मान्य करतों. मॅक्बेथच्या बाबतींत ‘फॉल्ट’ हाच शब्द योग्य आहे, आणि तो सौम्य आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं चार नायकांना एकच शब्द लावल्यानें हा भेद नाहींसा होतो. आमच्या वहींत ज्या रकान्यांत मॅक्बेथची महत्त्वाकांक्षा होती त्याच रकान्यांत ऑथेल्लो होता. आणि त्याचा मूळ स्वभाव मत्सरी नसून विश्वासू आहे, हें नाटक वाचणाऱ्या कोणालाही दिसतें. इयागोवर त्यानें विश्वास टाकला नसता तर मत्सराला थाराच मिळाला नसता.

‘फ्लॉ’ हा शब्द टाकून द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. तो त्याच्या खऱ्या अर्थानें घेतला तर शोकांतिकेला त्याच्याइतका नेमका दुसरा शब्द नाहीं. तडा जावयास आधीं वस्तु अखंड असावी लागते. खडीच्या ढिगाऱ्याला तडा जात नाहीं. शिवाय दगड आपोआप फुटत नाहीं. त्यावर घाव बसावा लागतो, आणि पाथरवट घाव घालतो तो त्या दगडाची शीर पाहून. त्याच दगडावर दुसरीकडे घाव बसता तर तो टिकला असता. हॅम्लेटच्या जागीं ऑथेल्लो असता तर दुसऱ्या अंकाच्या आंत राजाचा निकाल लागला असता, आणि ऑथेल्लोच्या जागीं हॅम्लेट असता तर इयागोचा डाव त्यानें हंसत हंसत ओळखला असता, असें इंग्रजी टीकेंत फार दिवसांपासून म्हटलें जातें, तें याचसाठीं. तडा केवळ माणसांत नसतो. माणूस आणि त्याच्यावर बसणारा घाव यांच्या संयोगांत असतो.

आमच्या रंगभूमीनें ही गोष्ट ओळखली होती. आगरकरांनीं १८८३ साली ‘हॅम्लेट’ मराठींत आणलें तेव्हां त्याला ‘विकारविलसित’ असें नांव दिलें. विकार म्हणजे प्रकृतींत झालेला पालट. मूळ प्रकृति निरोगी होती, हें त्या शब्दांतच गृहीत आहे. आणि गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेला ‘एकच प्याला’ घ्या. सुधाकराचा दोष कोणता, असें विचारलें तर शाळेंतलें मूलही मद्यपान म्हणून सांगेल. पण पहिला प्याला त्याच्या हातीं येतो केव्हां ? न्यायालयांतील अपमान त्या मानी वकिलाला सहन होत नाहीं, सनद कांहीं काळ हिरावली जाते, आणि त्या रिकाम्या, जळत्या वेळीं तळीराम जवळ असतो. ज्या तेजानें तो गरिबींतून वर आला त्याच तेजाच्या शिरेवर घाव बसला. अपमान मुकाट्यानें गिळणारा वकील या नाटकांत वांचला असता. पण त्याच्यावर कोणी नाटक लिहिलें नसतें. पुढें सिंधूवर आणि लेकरावर सुधाकराच्या हातून जें ओढवतें त्याला मात्र दोष हेंच नांव आहे, आणि गडकऱ्यांनीं तें झांकलेलें नाहीं. म्हणजे एकाच माणसाच्या कथेंत तडाही आहे आणि दोषही आहे. कोठें एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, हें पाहणें हेंच टीकाकाराचें काम.

म्हणून आमची सूचना अशी. ॲरिस्टॉटलच्या शब्दासाठीं प्रमाद हा शब्द राहूं द्यावा. त्यांत अनवधान आहे, पाप नाहीं. फ्लॉला तडा म्हणावें, डिफेक्टला न्यून, ब्लेमिशला डाग, आणि दोष हा शब्द फॉल्टसाठीं, म्हणजे जेथें माणसानें जाणूनबुजून वाईट निवडलें तेथेंच, राखून ठेवावा. शब्दांची ही वांटणी केवळ कोशकारांच्या सोयीची नाहीं. ज्याला एकच शब्द येतो तो एकच निकाल देतो.

रत्नपारख्यांची रीत याहून विनयाची आहे. आपल्या रत्नशास्त्रावरील ग्रंथांत बिंदु, रेखा, काकपद असे हिऱ्याचे दोष मोजलेले आहेत. आज अमेरिकेंतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या प्रतवारींत सर्वांत वरच्या हिऱ्याला ‘फ्लॉलेस’ म्हणतात. पण त्याचा अर्थ काय? दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगाखालीं कसबी परीक्षकाला ज्यांत आंत किंवा वर कांहीं आढळत नाहीं, तो. भिंगाची शक्ति तेथें आधीं सांगितलेली असते. आम्ही मात्र माणसें पारखतांना आपलें भिंग कोणतें तें सांगत नाहीं.

आतां त्या पत्राचें उत्तर. बाई, तुमच्या वडिलांनीं मित्रावर विश्वास ठेवला. तो प्रमाद होता. त्या विश्वासाची किंमत तुमच्या आईनें आणि तुम्हां भावंडांनींही मोजली, हें विसरा असें आम्ही म्हणणार नाहीं. तें दुःख खरें आहे. पण घाव घातला तो कर्ज बुडविणाऱ्यानें, आणि दोष हा शब्द त्याच्या नांवापुढें लिहावयाचा. ज्या स्वभावामुळें ते जामीन राहिले त्याच स्वभावामुळें त्यांच्या दारीं माणसें येत असतील. ती शीर आणि तो दगड वेगळे काढतां येत नाहींत. तेराव्या दिवशीं तुमच्या तोंडून जें वाक्य गेलें तें तुमचें नव्हतें. तें आमचें होतें, आणि इतकीं वर्षें तें सांगत राहणें हा आमचा फॉल्ट, इंग्रजींतही आणि मराठींतही.

ती वही मुलाला द्यावयाची तर जरूर द्या. फक्त ‘ट्रॅजिक फ्लॉ’ हा मथळा आणि त्याखालचे चार शब्द खोडा, आणि तेथें त्याला एवढेंच लिहावयास सांगा : घाव कोणता बसला, कोठें बसला, आणि या माणसाला तो तेथेंच कां लागला ? परीक्षेंत याचें उत्तर लिहावयास वेळ अधिक लागेल, आणि कदाचित् गुण कमी मिळतील.